अग्रिजेंतोचे तेलामोन: भार नेमका कोण पेलत होते?

सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावरील अग्रिजेंतो येथे, म्हणजे प्राचीन अक्रागासमध्ये, ऑलिंपियन झ्यूसच्या मंदिराचे अवशेष पसरलेले आहेत. मंदिर उभे नाही. उरले आहे ते जोते, दगडांचे ढीग आणि त्या ढिगांत मिसळलेले प्रचंड पुरुषमूर्तींचे तुकडे. हात डोक्यावर दुमडून वरचे ओझे पेलणाऱ्या या मूर्तींना तेलामोन म्हणतात. प्रत्येकीची उंची साडेसात मीटरांहून थोडी जास्त.

प्रश्न साधा दिसतो: या मूर्ती खरेच भार वाहत होत्या, की भिंतीवरची सजावट होत्या? उत्तर मिळवण्यासाठी मात्र दगडाची जात, तुळईचा गाळा, सांध्यांच्या जागा, मूर्ती कोसळण्याची तऱ्हा आणि गेल्या दोनशे वर्षांत त्या पुन्हा जुळवताना आलेल्या अडचणी एकत्र पाहाव्या लागतात. आमचे मत आधीच सांगतो. तेलामोन हा खांब नाही, तो भिंतीचा एक भाग आहे. त्याने भार घेतला, पण भिंतीच्या जोडीने. एकटा उभा केलेला तेलामोन ही चुकीची आकृती आहे, आणि पुनर्बांधणीतल्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

वास्तू आणि तिची मापे

इ. स. पूर्व ४८० मध्ये हिमेरा येथे अक्रागासचा थेरॉन आणि सिराक्यूजचा गेलॉन या राज्यकर्त्यांनी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या सैन्याचा पराभव केला. हाती लागलेले असंख्य युद्धकैदी दगड काढण्याच्या कामाला लावले गेले आणि त्या श्रमांतून अक्रागासची मोठी मंदिरे उभी राहिली, असे इतिहासकार दिओदोरस लिहितो. झ्यूसचे मंदिर त्याच काळातले. जोत्याची मापे साधारण ५६ मीटर × ११३ मीटर आहेत. ग्रीक जगातल्या सर्वांत मोठ्या डोरिक (जाड, साध्या खांबांच्या शैलीतल्या) मंदिरांत त्याची गणना होते.

इतक्या मोठ्या मंदिराला मोकळे खांब द्यायचे बांधणाऱ्यांनी टाळले. त्याऐवजी चारही बाजूंनी सलग भिंत घातली आणि तिच्या बाहेरच्या अंगाला अर्धस्तंभ काढले: दर्शनी बाजूंना ७, लांब बाजूंना १४. भिंतीच्या आतल्या अंगाला प्रत्येक अर्धस्तंभामागे चौकोनी भित्तिस्तंभ आहे. अर्धस्तंभाचा व्यास सुमारे ४ मीटर आणि दोन अर्धस्तंभांच्या मध्यांतले अंतर सुमारे ८ मीटर. म्हणजे मधला मोकळा गाळाही ४ मीटरांच्या आसपास. अर्धस्तंभावरच्या उभ्या पन्हळी इतक्या रुंद की माणसाचे अंग त्यात बसते, ही दिओदोरसची नोंद अतिशयोक्ती नाही. पडलेले दगड पाहिले की ती पटते.

तेलामोन किती असावेत, याचा हिशेब या मांडणीवरून निघतो. दर्शनी बाजूला ७ अर्धस्तंभ म्हणजे ६ गाळे, अशा दोन बाजू, म्हणजे १२. लांब बाजूला १४ अर्धस्तंभ म्हणजे १३ गाळे, अशा दोन, म्हणजे २६. प्रत्येक गाळ्यात एक मूर्ती धरली तर एकूण ३८. हा आकडा बहुतेक ठिकाणी छापलेला आढळतो, पण तो मोजलेला नाही, गाळ्यांवरून काढलेला आहे. एखाद्या गाळ्यात प्रवेशद्वार असेल आणि तिथे मूर्ती नसेल, तर संख्या तितकी कमी होते. प्रत्यक्ष ढिगातून ओळखता येणाऱ्या मूर्ती याहून पुष्कळच कमी आहेत.

दगड

बांधकाम स्थानिक कॅल्कॅरेनाइटचे आहे: शिंपल्यांच्या कणांनी बनलेला, पिवळसर, सच्छिद्र चुनखडक. खाणीतून काढायला सोपा, छिन्नीला मऊ आणि वजनाला हलका. त्याचे वजन दर घनमीटरला १.७ टन धरले तर संगमरवराच्या (सुमारे २.७ टन) मानाने फार कमी भरते. दोष हा की तो ताण सोसत नाही आणि उघडा राहिला की कण कण झडतो. त्यामुळे मूळ बांधकामावर आणि मूर्तींवर पांढरा बारीक गिलावा होता. नाक, ओठ, केस, दाढी यांची धार त्या गिलाव्यात होती. गिलावा गेल्यावर दगडाचे रवाळ अंग उघडे पडले आणि शतकानुशतके पाऊस आणि समुद्री वाऱ्याने ते खाल्ले. आज मूर्तींचे चेहरे पुसट दिसतात. कारागिरांचा हात जड होता, असा अर्थ त्यातून काढू नये. आपण गिलाव्याखालचा ढाचा पाहत आहोत.

तुळईची अडचण

ग्रीक मंदिरात दोन खांबांवर दगडी तुळई टेकते. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरात खांबांच्या मध्यांतले अंतर सुमारे ४.३ मीटर आहे आणि तुळया संगमरवरी, अखंड आहेत. इथे अंतर जवळजवळ दुप्पट आणि दगड त्याच्या तुलनेत कमकुवत. मध्यापासून मध्यापर्यंत पोहोचणारी ८ मीटरांची अखंड तुळई या दगडातून काढणे, वर चढवणे आणि मग ती न तुटता टिकणे, यांतली एकही गोष्ट शक्य नव्हती. म्हणून तुळई एकावर एक अशा तीन थरांत, लहान दगडांची बांधली. त्या दगडांचे सांधे अर्धस्तंभांच्या दरम्यान, मोकळ्या गाळ्यावर येतात. सांधा हवेत आला की त्याला खालून आधार हवाच. या प्रकरणाचा गाभा हाच आहे.

आकड्यांत पाहू. तुळईचा सर्वांत खालचा थर १ मीटर उंचीचा धरू आणि तुळईपासून छज्जापर्यंतचे एकूण बांधकाम ७ मीटर उंच. जाडी हिशेबासाठी १ मीटर. दर मीटर लांबीवर येणारे वजन सुमारे १२ टन. ४ मीटरांच्या मोकळ्या गाळ्यावर हे सारे वजन खालच्या एका थराने पेलायचे म्हटले, तर त्याच्या तळाशी येणारा ताण सुमारे १.४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर होतो. तीन थरांनी वजन सारखे वाटून घेतले तर तो अर्ध्या न्यूटनाच्या जवळ येतो. अशा सच्छिद्र दगडाला इतका ताण धोक्याच्या हद्दीतला आहे. दगडात एक शिंपल्याची पोकळी किंवा मऊ पट्टा आला की चीर पडणार. आणि हा हिशेब अखंड दगडाचा. सांधा गाळ्यावर असेल तर ताण घ्यायला तिथे काहीच नसते.

आता गाळ्याच्या मधोमध एक टेकू द्या. ४ मीटरांचा गाळा २-२ मीटरांचा होतो. वाकवणारा जोर गाळ्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून गाळा निम्मा झाला की जोर चौथाईवर येतो: १.४ चे सुमारे ०.३५. शिवाय मधला सांधा टेकूच्या डोक्यावर येतो आणि हवेत राहत नाही. तेलामोन नेमका तिथे उभा आहे.

हे आकडे जास्तीत जास्त धरलेले आहेत. घडीव दगडांचे थर एकमेकांवर चढले की वरचे वजन काही अंशी कमानीसारखे दोन्ही बाजूंच्या अर्धस्तंभांकडे वळते आणि तुळईवर पूर्ण सात मीटरांचे वजन येत नाही. पण बांधकाम चालू असताना, वरचे थर अजून नीट बसलेले नसताना, हा फायदा मिळत नाही. टेकूची सर्वांत मोठी गरज त्या काळात असते.

दाबाची मात्र इथे अडचण नव्हती, हेही नोंदवायला हवे. तीसेक मीटर उंचीचे भरीव बांधकाम तळाच्या दगडावर सुमारे अर्धा न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाब देते, आणि हा दगड दाबात त्याच्या कित्येक पट सोसतो. मंदिर जड आहे म्हणून मूर्तींची गरज पडली, हे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे आहे. गरज पडली ती गाळा रुंद आणि तुळई तुकड्यांची म्हणून.

मूर्ती कशी बांधली आहे

तेलामोन अखंड दगडातून कोरलेला नाही. साधारण डझनभर थरांत तो रचला आहे, म्हणजे एक थर सरासरी साठ-पासष्ट सेंटीमीटरांचा. पायापासून कोपरापर्यंत आडवे सांधे सरळ जातात. शरीराच्या वळणांची पर्वा न करता गुडघा, कंबर, छाती यांतून सांधा जिथे यायचा तिथे येतो. आज हे खटकते, पण गिलावा असताना सांधे झाकलेले होते. बांधणाऱ्याच्या दृष्टीने थराची पातळी भिंतीच्या थराशी जुळणे अधिक महत्त्वाचे होते, कारण मूर्तीचे दगड पाठीमागच्या भिंतीत गुंततात. थर जुळला नाही तर मूर्ती आणि भिंत वेगवेगळी खचतात आणि दोघांमध्ये उभी चीर पडते.

सर्वांत विचारपूर्वक सोडवलेली जागा म्हणजे मान. माणसाच्या आकृतीचा खांब करायचा म्हटले की मान सर्वांत बारीक पडते. अथेन्सच्या एरेक्थिऑनमधल्या स्त्रीमूर्तींत, ज्या सहा संगमरवरी मूर्ती खरोखरच मोकळ्या उभ्या होत्या, तिथे मानेमागे केसांचे जाड पेड सोडून छेद वाढवला आहे. अक्रागासमध्ये उपाय वेगळा आहे. दोन्ही हात वर उचलून कोपरे बाहेर काढली आणि पंजे डोक्यामागे नेले. त्यामुळे मानेच्या उंचीवर छेद एकट्या मानेचा राहत नाही: मान, दोन्ही बाजूंचे बाहू आणि पाठीची भिंत मिळून एक रुंद पट्टा तयार होतो.

त्याने किती फरक पडतो? मूर्तीच्या वाट्याला तुळईची २ मीटर लांबी येते असे धरले, तर वरील हिशेबाने तिच्या डोक्यावर सुमारे २४ टन येतात. हे सगळे अर्ध्या मीटर व्यासाच्या मानेतून उतरवायचे असते तर दाब १.२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर झाला असता. मऊ दगडाला, तोही सांध्याच्या काठावर, हा दाब काठ फोडायला पुरेसा आहे. तेच वजन दीड मीटर रुंद आणि एक मीटर खोल पट्ट्यावर पसरले की दाब ०.१६ वर येतो. हात वर करण्याच्या पवित्र्यात भार वाहण्याचा अभिनय आहेच, पण तो पवित्रा रचनेच्या हिशेबातही चोख बसतो. शिल्प आणि बांधकाम एकाच निर्णयात सुटल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

आपल्याकडच्या यादवकालीन मंदिरांतले कीचक, म्हणजे भार पेलणाऱ्या बुटक्या आकृती, पाहिलेल्या वाचकाला हा फरक पटकन कळेल. कीचक स्तंभशीर्षाच्या हातावर कोरलेला असतो. भार तो हात पेलतो, कीचक त्याचा आकार आहे. तेलामोनमध्ये आकार आणि भार यांची फारकत करता येत नाही, कारण मूर्तीचे थर काढले तर तिथे पोकळी उरते.

मूर्ती सगळ्या सारख्या नाहीत. काहींना दाढी आहे, काही बिनदाढीच्या. काहींचे पाय जुळलेले, काहींचे किंचित सुटे. पुन्हा जुळवणी करताना ही बाब फार उपयोगी पडते आणि फार त्रासही देते.

मूर्ती कुठे उभ्या होत्या

मूर्तींची जागा अनेक वर्षे वादात होती, कारण मंदिराचे सविस्तर वर्णन करणारा दिओदोरस तेलामोनांचा उल्लेखच करत नाही. पूर्वेला देव आणि राक्षसांचे युद्ध, पश्चिमेला ट्रॉयचा पाडाव, अशी शिल्पे तो सांगतो. भारवाहकांबद्दल गप्प आहे.

इंग्रज वास्तुविद चार्ल्स रॉबर्ट कॉकरेल १८१२ मध्ये इथे आला. त्याने मूर्ती मंदिराच्या आत, गाभाऱ्याच्या चौकोनी खांबांवर बसवलेल्या दाखवल्या. चित्र भव्य दिसते. पण आतल्या खांबांवर ठेवल्या तर तुळईच्या सांध्याचा प्रश्न सुटत नाही आणि मूर्तींची पाठ भिंतीत गुंतलेली असण्याचे कारण उरत नाही. जर्मन संशोधक कोल्डेवाय आणि पुख्श्टाइन यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मूर्ती बाहेर, अर्धस्तंभांच्या मधल्या गाळ्यात, भिंतीच्या वरच्या भागात दाखवल्या. १९२०च्या दशकात पिर्रो मार्कोनी यांच्या उत्खननानंतर हीच मांडणी सर्वसाधारणपणे स्वीकारली गेली. भिंत अर्ध्याहून थोडी जास्त उंच गेली की तिथे एक पट्टी बाहेर येते, आणि जमिनीपासून दहा-अकरा मीटरांवर त्या पट्टीवर तेलामोनचे पाय टेकतात. डोके तुळईच्या खाली.

मूर्तीच्या दोन्ही बाजूंना भिंत वरपर्यंत बंद होती की उजेडासाठी उघडी ठेवली होती, यावर आजही दोन मते आहेत. रचनेच्या बाजूने पाहिले तर बंद भिंत अधिक सुरक्षित: तुळईला सलग आधार मिळतो आणि मूर्तीवर येणारा भार घटतो. उघडी ठेवली तर मूर्ती हाच एकमेव मधला टेकू होतो आणि वर काढलेले २४ टन तिच्यावर खरोखर येतात. दोन्ही मांडण्यांत मूर्ती तुटत नाही. म्हणून केवळ मजबुतीच्या हिशेबाने हा वाद मिटत नाही. त्यासाठी मूर्तीच्या दगडांच्या बाजूचे तोंड पाहावे लागते. ते सांध्यासाठी घासलेले आहे की उघडे राहण्यासाठी गिलावा केलेले, हे एका दगडावर दिसले तर तेवढ्या थरापुरते उत्तर मिळते.

लोखंड

तुळईच्या काही दगडांत लांब खाचा आहेत. त्या लोखंडी पट्ट्यांसाठी होत्या, आणि सांध्यावरचे वजन त्या अर्धस्तंभापासून तेलामोनपर्यंत नेत होत्या, असा अर्थ लावला गेला आहे. तो बरोबर असेल तर इ. स. पूर्व ५व्या शतकात लोखंडाचा भारवाही तुळई म्हणून केलेला हा फार लवकरचा वापर ठरतो. आमच्या मते पट्टी सर्वांत उपयोगी पडली असेल ती बांधकामाच्या काळात: खालचा थर बसवताना दगड हवेत धरून ठेवायला. भिंत आणि मूर्ती पूर्ण झाल्यावर तिच्यावरचे काम बरेच हलके होते. लोखंड दगडात बंद राहिले की पुढे गंजून फुगते आणि मऊ दगड आतून फोडते, हा धोकाही त्याच खाचांत दडलेला होता.

दगडांच्या टोकांवर इंग्रजी यू अक्षरासारख्या वळणाच्या खोल खाचा मात्र स्पष्ट दिसतात. त्यातून दोर घालून दगड उचलत. दोर टोकाच्या खाचेत असल्यामुळे दगड शेजारच्या दगडाला पूर्ण भिडवून बसवता येई आणि मग दोर ओढून काढता येई. आज ढिगात फिरताना तुळईचा दगड ओळखायचा असेल तर आधी त्याच्या टोकाची ही खाच शोधावी.

कोसळणे

मंदिर कधीच पूर्ण झाले नाही. इ. स. पूर्व ४०६ मध्ये कार्थेजने अक्रागास जिंकून लुटले तेव्हा छप्पर चढायचे होते. दिओदोरस तसे स्पष्ट लिहितो आणि ग्रीक इतिहासकार पोलिबियसही मंदिर अपुरे असल्याचे नोंदवतो. छप्पर नसण्याचा परिणाम दुहेरी असतो. भिंतींच्या माथ्यातून पाणी आत उतरते, सच्छिद्र दगड ते शोषतो आणि आतला भराव सैल होतो. शिवाय समोरासमोरच्या भिंतींना माथ्याशी बांधणारे लाकूडकाम नसल्यामुळे प्रत्येक भिंत भूकंपात एकटी डोलते.

१६व्या शतकातला सिसिलियन इतिहासकार टोमाझो फाझेल्लो सांगतो की तीन भारवाहक मूर्तींवर आणि काही खांबांवर उभा राहिलेला शेवटचा भाग ९ डिसेंबर १४०१ रोजी कोसळला. शहराच्या मुद्रेवर आजही तीन पुरुषमूर्ती किल्ला पेलताना दिसतात. ही नोंद रचनेच्या अभ्यासासाठी मोलाची आहे. बाकी मंदिर पडून गेल्यावरही मूर्ती असलेला भिंतीचा तुकडा तग धरून होता, म्हणजे मूर्ती हा भिंतीचा कच्चा दुवा नव्हता.

त्यानंतरचे नुकसान माणसाने केले. पडलेले दगड आयते घडीव, तेही बंदरापासून जवळ. १८व्या शतकात पोर्तो एम्पेदोक्लेचा धक्का बांधायला ते गाड्या भरून नेले. आज ढिगात भिंतींचे दगड इतके कमी का, याचे उत्तर इथे आहे. सरळ कडांचे चौकोनी दगड धक्क्याला उपयोगी, म्हणून ते गेले. वेडेवाकडे मूर्तीचे तुकडे मागे राहिले. त्यामुळे आपल्याकडे मूर्ती आहे, पण ती जिच्यात गुंतलेली होती ती भिंत नाही. पुढच्या सगळ्या पुनर्बांधणीवर या निवडीची सावली आहे.

पुन्हा उभे करणे

राफाएल्लो पोलिती यांनी १८२५ मध्ये एक तेलामोन जमिनीवर आडवा जुळवला. १९६७ मध्ये सुरू झालेल्या पुरातत्त्व संग्रहालयात तो उभा केला आहे आणि त्याच्या शेजारी इतर मूर्तींची तीन डोकी ठेवली आहेत. मंदिराच्या ढिगात जो आडवा तेलामोन पर्यटकांच्या छायाचित्रांत येतो, ती प्रतिकृती आहे. २०२४ मध्ये मंदिराच्या परिसरातच आणखी एक तेलामोन उभा करण्यात आला; त्यासाठी पाठीमागे जस्तलेपित पोलादी सांगाडा आहे आणि मूर्तीचे तुकडे त्याच्या आधारांवर बसवले आहेत.

सांगाडा का लागतो, हे मोजून सांगता येते. मूर्तीचे आकारमान ९-१० घनमीटर धरले तर वजन पंधरा ते सतरा टन. उंची ७.६ मीटर, खोली साधारण १ मीटर. भिंतीशिवाय नुसती थरांची रास म्हणून ती उभी केली, तर आडव्या धक्क्याचे प्रमाण खोली भागिले उंची, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १३ टक्के झाले की तिचा तळ एका कडेवर उचलला जायला लागतो. सिसिलीसारख्या भूकंपप्रवण बेटावर हा आकडा फार लहान आहे. शिवाय रास एकसंध नाही. वरचे दोन-तीन थर आपापल्या सांध्यावर त्याआधीच सरकू शकतात, कारण हातांमुळे वजन वर एकवटलेले आहे. मूळ मंदिरात हे घडत नव्हते. तुळईचे वजन वरून दाबून धरत होते आणि पाठ भिंतीत होती. दोन्ही गेल्यावर त्यांचे काम पोलादाला करावे लागते.

असे काम हाती घ्यायचे झाल्यास क्रम असा असावा.

प्रत्येक तुकड्याची सहाही तोंडे मोजून नोंदवावीत, नुसती पुढची शिल्पाची बाजू नव्हे. जुळणीचा खरा पुरावा पाठीवर आणि वरच्या-खालच्या तोंडावर असतो: सांध्यासाठी कडेने घासलेली पट्टी, पहार लावण्याच्या खाचा, दोराची खाच, गिलाव्याचा उरलेला थर. मग थराची उंची. एका पातळीवरच्या थरांची उंची जुळायला हवी; दोन सेंटीमीटरांचा फरक दिसला तर तो झिजेमुळे आहे की तुकडा दुसऱ्या पातळीचा आहे, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. झीज बाहेरच्या काठावर असते, पाठीच्या बाजूला नसते; म्हणून उंची नेहमी पाठीकडून मोजावी. त्यानंतर पायांची ठेवण, दाढी आणि केस. ही लक्षणे शेवटी, कारण ती डोळ्यांना लगेच पटतात आणि चुकीची जुळवणीही पटवून देतात. सुट्या पायांच्या मूर्तीवर जुळलेल्या पायांच्या मूर्तीची मांडी बसवली तर समोरून चालून जाते. बाजूने पाहिले की वजनाची रेषा मोडलेली दिसते.

त्रिमितीय स्कॅन घेऊन संगणकावर आधी जुळवून पाहावे. एकेक थर टनापेक्षा जड आहे आणि दगडाच्या कडा भुसभुशीत. प्रत्यक्ष उचलून जुळवण्याचा प्रत्येक प्रयत्न कडेचे काही मिलिमीटर खातो.

उभारताना दगडावर दगड टेकवू नये. प्रत्येक थराला सांगाड्यातून स्वतंत्र आधार द्यावा, दगड आणि पोलाद यांच्यामध्ये मऊ पट्टी ठेवावी आणि एक थर इतरांना न हलवता काढता येईल अशी सोय असावी. दगडात भोक पाडून लोखंडी गज घालणे कटाक्षाने टाळावे. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर २०व्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस यांच्या दुरुस्तीत वापरलेले लोखंड गंजून फुगले आणि त्याने संगमरवर फोडला. ते काढून टायटॅनियम घालण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले. कॅल्कॅरेनाइट संगमरवरापेक्षा कितीतरी अधिक पाणी शोषतो, त्यात विरघळलेले समुद्री क्षार असतात. तिथे साध्या लोखंडाला आणखी कमी काळ मिळेल. जस्तलेपित पोलादही दगडाच्या बाहेर, हवेत, तपासता येईल अशाच जागी असावे.

भेगा भरायला चुन्याचा गारा वापरावा, सिमेंटचा नको. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि कमी सच्छिद्र. पाणी भेगेतून बाहेर पडू शकत नाही आणि शेजारचा मूळ दगड झडतो. हरवलेल्या भागांची भर घालायची असल्यास ती आकाराने सुचवावी, चेहरा कोरू नये.

शेवटचा मुद्दा मांडणीचा. एकटी मूर्ती उभी केली की पाहणारा तिला खांब समजतो, आणि मग तिच्या डोक्यावर काय होते, पाठीला काय होते, हे विचारतच नाही. सांगाड्याच्या मागे मूळ भिंतीच्या जाडीइतकी साधी चौकट, वर तुळईच्या खालच्या थराची रेषा आणि दोन्ही बाजूंना अर्धस्तंभांच्या कडा दाखवल्या तर ४ मीटरांचा गाळा डोळ्यांसमोर उभा राहतो. पाय जमिनीवर टेकवण्याऐवजी पट्टीची मूळ उंची दाखवणे दहा-अकरा मीटरांमुळे अवघड आहे, हे खरे. पण निदान एका खांबावर त्या उंचीची खूण करता येते, आणि खाली उभ्या माणसाला मूर्ती किती वर होती आणि तिचा चेहरा गिलाव्यात इतका ठळक का करावा लागला, हे मान वर करताच समजते.